पलीकडच्या भिंतीपाशी

मार्चमधली ती सकाळ अगदी शांत होती. समुद्राची लाट भिंतीवरून आमच्या काठावरच्या पोहायच्या तलावात येत होती, तीही पाय न वाजवता. आणि त्या शांततेत एक सबंध माणूस धप्पकन आमच्या तलावात पडला.

हातात मोजपट्टी, अंगात नगरपालिकेचं पिवळं जाकीट. बिचारा असे हात मारत होता, की चार बगळे उडून गेले.

"उभे राहा!" मी काठावरून ओरडले.

"बुड... बुडतोय!"

"अहो, उभे तर राहा!"

तो उभा राहिला. पाणी त्याच्या कमरेइतकं होतं.

मी इतकी हसले की माझी चाकाची खुर्ची हलायला लागली. खोकत, ठेचकाळत तो पायऱ्या चढून वर आला. काळे कुरळे केस, गालावर शेवाळाचा पट्टा... आणि डोळे मात्र हसरे. स्वतःवर हसू शकणारा माणूस मला आधीपासूनच आवडतो.

"सावलीच्या बाजूने कोण चालतं?" मी विचारलं. "तिथं कड्यामुळे ऊन लागत नाही. शेवाळ कधी सुकत नाही. आमच्या गॅनेट हेड गावातलं शेंबडं पोरही तिथं पाय ठेवत नाही."

"पण... मी तर चाकाच्या खुर्च्यांसाठीचा उतार तिथंच आखलाय," तो म्हणाला. "गाड्या लावायची जागा जवळ आहे ना!"

"छान! म्हणजे मी खुर्चीसकट थेट न्यूझीलंडला."

त्याचं नाव डारिओ. समुद्रापासून दूर आतल्या मुलखातला, ग्रिफिथ गावाकडच्या संत्र्यांच्या बागांतला. पोहणं म्हणजे त्याने कालव्यात पाय बुडवले होते, तेवढंच. आणि याच माणसाला आमच्या नव्वद वर्षांच्या, हाताने खडकात कोरलेल्या तलावात सगळ्यांना उतरता येईल अशी वाट करायला पाठवलं होतं!

"तुम्ही इथं रोज येता?" त्याने विचारलं.

"तू म्हण. इथे पंतप्रधानांनाही कुणी तुम्ही म्हणत नाही. मी ब्रॉन. रोज येते, पण सहा वर्षांत उतरले नाही. त्याआधी रोज सकाळी सहाला पोहायचे. मग रस्त्यावर एक ट्रक आला... आणि तलावाला फक्त पायऱ्या आहेत."

तो चुकचुकला नाही. ते मी लक्षात ठेवलं.

"साहेब म्हणतात, पाण्यात सोडणारी यांत्रिक खुर्ची बसवा. स्वस्त पडते."

"तिची किल्ली नऊ ते चार कचेरीत, आणि फिरवायला एक माणूस. मला कुणी पाण्यात सोडायला नकोय, डारिओ. मला स्वतः उतरायचंय."

त्याने भिजलेली वही पिळली. "मग सौदा करू. मी तुला वाट करून देतो. तू मला पोहायला शिकव."

"काठावरून?"

"तू काठावरून ओरडतेस तेव्हा माणूस निमूट उभा राहतो. पाहिलंय मी."

असे आमचे धडे सुरू झाले. तो कामाआधी यायचा, संत्र्यांची पिशवी माझ्या मांडीवर टाकायचा आणि बर्फात उतरल्यासारखा ओरडत पाण्यात शिरायचा.

"मान सोड. छताकडे बघ."

"छत कुठंय?"

"ते निळं दिसतंय ना, तेच."

"मला तर तूच दिसतेयस."

"मग नाकात पाणी जाणारच!"

आणि जायचंच. मी संत्रं सोलत हसायचे. तो मला आवडायला लागला होता, आणि याचा मला भयंकर राग यायचा. त्याची नेमणूक या कामापुरतीच होती; ते संपलं की तो जाणार, हे काय मला ठाऊक नव्हतं?

उन्हाच्या बाजूचा नवा आराखडा झाला. चौदा फुटांना एक फूट उतरणारी वाट, दोन्हीकडे कठडे, जुन्या पायऱ्यांना धक्का नाही. पण क्लॅरी अडून बसला. क्लॅरी म्हणजे आमच्या हिवाळ्यात पोहणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर. त्या पायऱ्या त्याच्या वडिलांनी छिन्नीने घडवल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी त्याला सिमेंट नको होतं. त्याची सही नसेल तर आमच्या गावात दगड हलत नाही.

गुरुवारी ओहोटीला तलाव रिकामा करून मंडळी शेवाळ घासतात. त्या दिवशी डारिओ कागद घेऊन खाली उतरला, मी काठावर होते.

"ब्रॉनसाठी सिमेंट कशाला ओतायचं?" क्लॅरी ब्रश टेकत म्हणाला. "आम्ही चौघं आहोत की! पोरीला उचलून ठेवू आत. आपलीच पोर आहे."

तो मनापासून बोलत होता, म्हणूनच ते जास्त लागलं. 

डारिओने कागद खाली ठेवला. संत्र्यांच्या पेट्या उचलून रुंद झालेले हात पुढे करून तो क्लॅरीपुढे वाकला. "या, तुमचा गुडघा दुखतोय ना? मी उचलून वर नेतो."

"हात तर लावून बघ!" क्लॅरी कडाडला. "या तलावात मी माझ्या पायांनी..."

तो तिथंच थांबला. ब्रशवरून पाणी ठिबकत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पेन आण," तो डारिओवर खेकसला.

काम ओहोटीच्या तासांतच चालायचं, त्यामुळे वर्ष गेलं. पुढच्या मे महिन्यातला पहिला रविवार उजाडला. आमच्या या दक्षिण गोलार्धात थंडी मेअखेरीस लागते, म्हणून त्या दिवशी मंडळी तलावात बर्फाच्या लाद्या टाकून हिवाळा सुरू करतात. पण क्लॅरीने लाद्या थांबवल्या. "आधी ब्रॉन."

मी पाण्यात चालणाऱ्या खुर्चीत बसले. डारिओ उताराच्या तळाशी, छातीभर पाण्यात उभा होता. त्याने हात पुढे केला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून तो नुसता बघत होता.

कठडा धरत मी उतरले. घोटे बुडाले ते कळलं नाही, पण पोटाला पाणी लागलं तेव्हा मी किंचाळले. मग खुर्ची सोडली... आणि पाण्याने मला धरलं, पूर्वीसारखंच. मी रडत होते, पण समुद्रात खारं पाणी कोण मोजतं?

"ब्रॉन," तो हळूच म्हणाला, "शुक्रवारी मला ग्रिफिथला परत बोलावलंय. तू... तू म्हणशील तर राहीन. इथेही काम मिळेल. सांग ना."

"सांगते. पलीकडच्या भिंतीपाशी."

"ब्रॉन, तिथं आठ फूट पाणी आहे!"

पण मी निघाले होते. सात वर्षांत हात चाकांवर घडले होते, पन्नास मीटर कधी संपले कळलंच नाही. भिंत धरून मागे पाहिलं, तर तो येत होता. काय ते पोहणं! अर्ध्यावर थांबला, पाणी प्याला. जावं का आणायला? नाही गेले. काठावर क्लॅरी ओरडत होता, "मान सोड, गाढवा!"

अखेर त्याने दोन्ही हातांनी भिंत गच्च पकडली.

"आता... बोल."

"आधी श्वास घे."

"नको. आधी बोल."

"उतारावर हात का दिला नाहीस?"

"तू मागितला नव्हतास."

"आता मागतेय," मी म्हटलं आणि हात पुढे केला.

हात द्यायचा तर भिंत सोडावी लागणार होती. त्याने खालच्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं... आणि दोन्ही हातांनी भिंत सोडली.