बायनाबाईचा डबा

श्रावणात मोह फुलत नाही, हे भामरागडकडचं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून भरदुपारी ट्रे घेऊन वॉर्डात शिरलेली संघप्रिया सिस्टर दारातच थबकली. मोहाचा गोडसर, दमट वास... याआधी दोनदा तो असाच आला होता, आणि दोन्ही वेळा ऑपरेशनची जखम हिरवट पाण्यानं चिघळली होती.

"एकाचं रक्त कमी, दुसऱ्याले साखर," कुलदीप डॉक्टर म्हणाले होते. "टाके पिकणारच ना!"

पण आता वॉर्डात एकटी रिना होती. संघप्रियाची धाकटी बहीण, आरमोरीहून बाळंतपणाला आलेली, चांगली धडधाकट. परवा तिचं सिझर झालं होतं आणि आज पहिल्यांदा पट्टी सोडायची होती. पुरानं रस्ता बंद. काही बिघडलं तर न्यायचं कुठं?

संघप्रिया घाबरली खरी, पण नाक काही तिला बसू देईना. नळ हुंगला, चादरी हुंगल्या आणि खिडकीतल्या स्टीलच्या डब्याशी ती थांबली. बायनाबाईचा डबा! ही म्हातारी आया चिकटलेली पट्टी डब्यातल्या जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवून अलगद सोडवायची. उन्हाळ्यात ती वारली. गेलेल्या माणसाची वस्तू हलवायला कोणाचा जीव धजला नाही. पाणी उतरलं की सगळे वरून भर घालत. रिकामा करून डबा कोणी घासलाच नाही. संघप्रियानंही नाही.

झाकण काढताच वास भसकन अंगावर आला. आत हिरवा, बुळबुळीत थर होता.

कुलदीप डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "हा ओलाव्यातला जंतू आहे, सिस्टर. पातळ औषधातही जगते. आपणच त्याले जखमेवर सोडून राह्यलो होतो!"

डबा घासला, उकळला, मागच्या भिंतीवर उन्हात पालथा घातला. रिनाच्या जखमेला अजून ते पाणी लागलं नव्हतं, या विचारानं संघप्रियाला रडूच आलं. डोळे पुसून, नवी पट्टी घेऊन ती बहिणीजवळ आली. वास मात्र गेला नव्हता. उलट दाटला होता.

"आता काऊन आली वो ताई?" रिना पेंगत म्हणाली. "पट्टी तं सोडली ना..."

"कोनं?"

"त्या म्हाताऱ्या आयानं... ओली करून, हळूच. मले काईच दुखलं नाई. हात तेवढे थंड होते तिचे..."

संघप्रियानं चादर उचलली. जुनी पट्टी घडी घालून उशाशी ठेवली होती. टाके ओले होते.

तिनं खिडकीकडे पाहिलं. डबा आपल्या जागी होता. सुलटा, काठोकाठ भरलेला.