पाण्याखालची सुईण

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझे आजोबा नथू खोटं बोलणारे नव्हते. ही गोष्ट सांगताना मात्र ते कुणाच्या डोळ्यांत बघत नसत.

साल १९२९. मार्गशीर्षातली तिन्हीसांज. जागा, मुळशीचं धरण.

त्या पाण्याखाली आमचं गाव होतं. पूर्वी पलीकडे पायवाटेनं जाता यायचं. धरणानं वाट गिळली, आणि आम्हाला काय दिलं? पाणी. तेही दुसऱ्यांच्या विजेच्या दिव्यांसाठी.

आजोबा एका साहेबाच्या शिडाच्या होडीवर कामाला होते. त्या सांजेला त्यांनी ती न विचारता सोडली. त्यांची पहिली बायको सगुणा बाळंतपणात अडली होती, आणि डॉक्टर पलीकडच्या काठावर. सोबतीला आजोबांची आई, तुळजाबाई.

निम्म्या पाण्यात वारा पडला. शीड लोंबू लागलं.

होडीच्या मागं एक जुनं इंजिन होतं. महाहट्टी. दोरीच्या टोकाची गाठ चाकाच्या खाचेत अडकवायची, दोरी गुंडाळायची आणि हिसका द्यायचा.

फुर्र… आणि गप्प.

आजोबांनी प्लग पुसला. पुन्हा हिसका. पुन्हा गप्प. सगुणा नुसती कण्हत होती.

तेवढ्यात होडीच्या खालून…

"गाठी सोडा रं…"

तिघांनीही आवाज ओळखला. कोंडाबाई सुईण! आजोबांना जगात आणलं ते तिनंच. गाव बुडालं आणि नव्या झोपडीत ती झुरून मेली, त्याला वर्ष झालं होतं.

आमच्याकडे बाई अडली की घरातली प्रत्येक गाठ सोडतात. तुळजाबाईंनी केस सोडले, गाठोडं सोडलं, शिडाच्या दोऱ्याही सोडल्या.

सगळं गप्प झालं. बेडूक नाही, पाखरू नाही…

मग अगदी जवळून…

"येक ऱ्हायली…"

ती आजोबांच्या मुठीत होती.

"सोड नथू!" तुळजाबाई ओरडल्या.

"ही सोडली तर इंजान कसं लावू? डाक्तर तितं हाय, आये!"

"कोंडाबाई खोटं सांगंल व्हय?"

"ती मेलीया!"

आजोबांनी गाठ खाचेत घातली आणि जीव खाऊन ओढलं.

इंजिन लागलं. इतकं सुरळीत ते कधीच लागलं नव्हतं.

डॉक्टर भला माणूस, काठावर धावत आला. पोरगा झाला… पण रडलाच नाही. त्याच्या नाळेला एक घट्ट गाठ पडली होती. "असं होतं कधीकधी, तुमची चूक नाही," डॉक्टर म्हणाला.

सगुणा वाचली. उठून बसता आलं तेव्हा आजोबांना एवढंच म्हणाली, "मी बी ऐकत हुते. मला का न्हाई इचारलंत?"

ती ताम्हिणीला माहेरी गेली, ती पुन्हा आलीच नाही.

आजोबांनी दुसरं लग्न केलं. मी त्या घरातला. ते पोर जगलं असतं तर मी नसतो, म्हणून आजोबा चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ते बरोबर होते असंही मला आजवर म्हणवलेलं नाही.