बिजली आणि शिवलेला खिसा

"ठरलं तर! खिसा आत्ताच शिवायचा!" रजिया सुईत दोरा ओवत म्हणाली.

"आन मामूंना कळलं तर?" अयोध्याचे डोळे केवढाले झाले!

"कळणारच की! पर उद्या, व्यापाऱ्यासमोर!" सिदू खिदळला.

खिसा होता रजियाच्या नबीलालमामूंच्या बंडीचा. बंडी खुंटीला अडकवून मामू दुपारचे घोरत होते. परंड्याहून कुर्डुवाडी स्टेशनापर्यंत ते टांगा हाकायचे, आणि त्यांची घोडी बिजली साऱ्या गावाच्या डोक्याला ताप झाली होती. जवळ येईल त्याला ती डोक्यानं ढकलायची. परवा तर कचेरीतल्या पेशकारसाहेबांना तुर्की टोपीसकट गटारात बसवलं! मामूंनी हात टेकले. उद्या महालिंगप्पा व्यापारी येऊन तिला घेऊन जाणार होता. शिंगरू असल्यापासून बिजली रजियाच्या हातून गवत खात आलेली. ही बातमी ऐकल्यापासून रजियाला घास गोड लागत नव्हता.

सुट्टी लागल्यापासून हे तिघं दोस्त घोडीवर पाळत ठेवून होते. माणसांना ढकलणारी ही बया किल्ल्याजवळच्या हौदावर मात्र शहाण्यासारखी थांबायची. का? तर तिथं सिदूच्या घरची म्हातारी गाढवीण गंगी पाणी पीत असायची! बिजली अंगावर आली की गंगी कान पाडून एक पाऊल पुढं टाकायची. बिजली मागं! मग गंगी पुन्हा आपली निवांत.

आणि मामू? मामू ओरडायचे, चाबूक उगारायचे आणि स्वतःच मागं सरकायचे. वर तिनं शांत व्हावं म्हणून खिशातून गुळाचा खडा काढून द्यायचे!

"म्हंजी ढकललं की गूळ!" रजियाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "ही खोड मामूंनीच लावलीया!"

मग हौदावर बिजलीसमोर गंगीसारखं ठाम उभं राहायचा रजियाचा सराव सुरू झाला. पहिल्यांदा ती मागं सरकली आणि धपकन चिखलात बसली. "तू हललीस! गंगी हलती का?" सिदू ओरडला. हळूहळू तिला जमलं. मामूंना सांगितलं, तर ते गरजले, "गाढविणीकडनं शिकू म्या? चल, पळ!"

म्हणून ही सुई. खिसाच शिवला, तर गूळ देणार कुठून?

सकाळी महालिंगप्पा आला. मामूंनी बिजलीला बाहेर काढलं. तिनं लगेच खिशाला डोकं लावलं. मामूंचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच अडकला. "अरे! खिसा कुठं गेला?" बिजलीनं आणखी जोर लावला, आणि मामू मागं, मागं, थेट उकिरड्यात!

"अय्यो! चाबकानं सरळ करतो हिला," महालिंगप्पा पुढं झाला.

"थांबा काका!" रजियानं बिजलीचा दोर उचलला. बिजली तिच्यावर चालून आली. रजियाचा पाय मागं पळू बघत होता. पण तिनं तो हलू दिला नाही. दोर जोरात हलवला आणि एक पाऊल पुढं टाकलं.

बिजली फुरफुरली. मग एक पाऊल मागं गेली!

रजियानं तत्काळ दोर सैल सोडला, तिची मान खाजवली. रजिया चालली की बिजली मागोमाग चालायची; ती थांबली की हातभर अंतर राखून थांबायची.

"आता तुम्ही, मामू. कायबी झालं तरी पाय हलवू नका!"

मामू डोळे गच्च मिटून उभे राहिले. बिजली आली, तिनं खिसा हुंगला. मामू हलले नाहीत, दोर मात्र हलवला. बिजली मागं सरकली आणि मुकाट उभी राहिली.

"अशी घोडी कुणी विकतं व्हय, नबीलाल?" महालिंगप्पानं पटका सावरला. "लेकरांनी तुम्हांला शहाणं केलं!"

मामूंचे डोळे भरून आले. "चाबूक लई उगारला म्या, बेटी. नुसतं उभं राहायला तू शिकवलंस." बिजली आता कुठंच जाणार नव्हती! रजियानं तिच्या गळ्याला मिठी मारली.

संध्याकाळी मामूंनी खिसा उसवला आणि सगळा गूळ घेऊन ते हौदावर गेले. गंगीनं तो वाटेच्या मधोमध उभं राहून सावकाश खाल्ला. मामूंचा टांगा तिच्यामागं मुकाट्यानं थांबला होता.