पुरातले आंबे

पाणवठे आटले की रानडुकरं एका जागी गोळा होतात. आमिष घालायचं ते तेव्हाच. पावसाळ्यात रानभर खायला असतं, मग तुमच्या मक्याला कोण विचारतो? क्वीन्सलंडमधल्या त्या मेंढवाड्यावर नोरीनची हयात यातच गेली होती.

त्या उन्हाळ्यात डुकरं कोकरं फाडू लागली. मग तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, एरोलनं, डबक्याकाठी भिजवलेला आंबूस मका टाकायला सुरुवात केली. आधी नुसताच मका. डुकरं सोकावली, निर्धास्त झाली. मग एका संध्याकाळी मक्यात विष कालवलं.

कळप गारद झाला. एक म्हातारी डुकरीण तेवढी पुढे आली नाही. झाडाखाली उभी राहून ती नोरीनकडे बघत राहिली.

"तुला ओळखून ठेवतेय ती," एरोल हसला.

"ठेवू दे. कोकरं वाचली ना!"

पाऊसही मनासारखा झाला. ओढ्याला पूर आला, रस्ता बंद पडला, फोन गेला. दोघं खुशीत घरात अडकून पडली. अशाच एका सकाळी फाटकाशी पिकलेले आंबे दिसले.

"थेल्मा होडीनं आली असेल," एरोल म्हणाला. थेल्मा ही ओढ्यापलीकडची शेजारीण.

मग आंबे अंगणात आले. मग पायरीवर. असे गोड, की एरोल उठल्याउठल्या दार उघडायला धावायचा. नोरीनही बोटं चाटत हसायची. इतके सुखाचे दिवस त्यांनी कधी पाहिले नव्हते.

फोन सुरू झाला त्या सकाळी तिनं आधी थेल्मालाच लावला.

"आंबे काय गोड आहेत गं तुझे!"

"कसले आंबे? आमची झाडं कधीच वाळली. आणि या पुरात मी येऊ कशी, बाई?"

नोरीननं खिडकीतून पाहिलं. अंगणभर ओला चिखल... सारवल्यासारखा सपाट. येतानाचं पाऊल नाही, जातानाचं नाही. दाराची कडी अजून आतून लावलेली होती. आज पायरीवर काहीच नव्हतं.

तिला हायसं वाटलं.

"अगं, ये ना लवकर!" स्वयंपाकघरातून एरोलची हाक आली. तोंड भरलेलं होतं. "आज तर फोडी करून टेबलावरच मांडल्यास...?"