वीतभर सावली

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आसपास झाड म्हणावं असं काही नव्हतं. नुसतं गवत, कमरेएवढं, पार टेकडीपर्यंत. नवरात्रातलं कडकडीत ऊन ट्रेलरच्या टपावर बरसत होतं आणि टपावरचे तीन सौर पॅनेल (उन्हापासून वीज तयार करणारे काळे तक्ते) किंचित कलते पडून ते ऊन पीत होते.

मग बॅटरी रिकामी का होत होती?

कृत्तिकाने मीटरवरचा टक्क्यांचा आकडा पुन्हा वाचला. सकाळी दात घासताना तो छप्पन होता.

"आजोबा, चाळीस झाले."

"मघाशी एक्केचाळीस म्हणालीस ना?"

"तुम्ही उठून बसेपर्यंत चाळीस झाले."

आजोबांनी सुजलेला पाय उशीवरून उचलला, कण्हले आणि परत ठेवला. आजोबा पक्षिशास्त्रज्ञ (पक्ष्यांचा अभ्यास करणारे) होते. आईही तेच काम करायची. परवा माळावर चालताना आजोबांचा पाय उंदराच्या बिळात गेला आणि घोटा मुरगळला, तेव्हापासून ते खिडकीपाशी अडकून पडले होते. आई जीप घेऊन पहाटेच गेली होती, सोलापूरहून किडे आणायला. खायचे किडे! म्हणजे आपल्याला नाही, जे अजून जन्मलंच नव्हतं त्याला खायचे.

कारण या ट्रेलरमध्ये दोन पलंग, एक शेगडी, एक फ्रिज आणि एक अंडं होतं.

माळढोक पक्ष्याचं अंडं. गोष्ट घडली तोवर माळढोक इतके कमी उरले होते की एकेका अंड्यासाठी माणसं जिवाचं रान करत. कुत्र्यांनी मादीला पिटाळून लावलं, ती परतलीच नाही आणि हे अंडं गवतात एकटं राहिलं. उबवणीचे शेवटचे दिवस होते. शहरापर्यंत नेताना हादरे बसले असते. म्हणून अंड्याला प्रयोगशाळेत नेण्याऐवजी आईने प्रयोगशाळाच चाकांवर घालून अंड्यापाशी आणली. इन्क्युबेटरमध्ये (अंडं उबवणाऱ्या पेटीत) ते मादीच्या पोटाखाली असावं तसं उबदार बसलं होतं. कालपासून तर आतून आवाज यायला लागला होता. बारीक, चिव्व असा. पिल्लू अंड्यात असतानाच बोलू लागतं, हे कृत्तिकाला तेव्हाच कळलं.

आज मात्र आवाज नव्हता.

"आजोबा, बॅटरी संपली तर?"

"तर रात्री पेटी गार पडेल." आजोबांनी फोन उचलून पाहिला. फोनला रेंज नव्हती. आई उद्या सकाळी येणार होती.

"हे बघ कृत्ते, आधी नीट समजून घेऊ. पॅनेल म्हणजे नळ आणि बॅटरी म्हणजे रांजण. दिवसा नळाला पाणी असतं तेव्हा रांजण भरायचा आणि रात्री त्यातलं वापरायचं. रात्र काढायला निदान साठ तरी हवेत. दुसरा आकडा वाच. नळातून किती येतंय?"

"अठरा वॅट." वॅट म्हणजे वीज किती वेगाने येते किंवा खर्च होते, ते सांगणारं माप.

"अठरा? रोज या वेळेला सातशेच्या वर असतात!" आजोबांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याचा यात काहीच दोष नव्हता. "आधी रांजणाची गळती थांबव. फ्रिज बंद, पंखा बंद. खटक्या, तू किती खातोस रे?"

खटक्या म्हणजे घरकामाचा यंत्रमानव. गोल डोक्याचा, चार हातांचा, आणि मानी.

"प्रश्न उद्धट आहे," खटक्या म्हणाला. "उत्तर : अंड्याच्या पेटीच्या दुप्पट."

कृत्तिकाला वाईट वाटलं. "खटक्या, तुला थोडा वेळ बंद करू का रे? बाळासाठी?"

"मंजूर. एक निरोप. भांडी निथळत ठेवली आहेत. धुणं..."

पण तिने बटण दाबलं होतं. खटक्याचे डोळे विझले. ट्रेलर एकदम शांत झाला. पेटीतला छोटा पंखा तेवढा घुरघुरत होता.

"आता कुणीतरी टपावर चढायला हवं," आजोबा म्हणाले आणि स्वतःच्या पायाकडे बघत राहिले.

"कुणीतरी म्हणजे मीच ना?"

"मी मीटरपाशी सरकतो, तू शिडी घट्ट धर. पॅनेलवर पाय ठेवू नकोस. आणि सारखी बोलत राहा. गप्प झालीस की माझा जीव वरखाली होतो."

टप तव्यासारखा तापला होता. कृत्तिका कडेच्या पत्र्यावर गुडघे टेकून बसली. "धूळ आहे आजोबा! बोटाने नाव लिहिता येईल एवढी."

"मग तीच! पूस."

तिने पाणी शिंपडलं, फडकं फिरवलं, एक पॅनेल पुसलं, दुसरं पुसलं, तिसरं पुसलं. हात दुखायला लागले. टपाच्या झडपेतून खाली ओरडून विचारलं, "किती?"

"एकोणीस."

"एवढं पुसून एकच वाढला?"

कृत्तिकाने फडकं पिळलं. पिल्लू आत वाट बघत असेल का? त्याला काय कळणार मीटर आणि वॅट. त्याला फक्त ऊब कळते. तिने डोळे पुसले. रडून काय होणार होतं? खालची कड तेवढी पुसायची राहिली होती, कारण तिथे काहीतरी वाळत पडलं होतं. तिने ते उचललं.

"अगं! काय केलंस?" खालून आजोबांचा आवाज असा आला की ती दचकलीच.

"काही नाही! काय झालं?"

"सातशे! सातशे दहा, वीस! कशाला हात लावलास?"

कृत्तिकाने हातातल्या वस्तूकडे पाहिलं. आजोबांच्या पायाला बांधायची ताणाची पट्टी. वीतभर रुंद, लांबच लांब. खटक्याने ती धुतली होती, ओढून सरळ केली होती आणि तिन्ही पॅनेलच्या खालच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुबक पसरली होती.

तिने पट्टी हळूच परत ठेवली. "आता?"

"वीस! ठेवू नकोस गं!"

उचलली. "सातशे!"

ठेवली.

"कृत्ते, माझं हृदय काय ट्रेलरचं चाक आहे का? बास!"

"आजोबा, ही तुमच्या पायाची पट्टी आहे! पण कसं शक्य आहे? झाकला दहावा हिस्सा, तर वीजही दहावा हिस्साच कमी व्हायला हवी. सगळीच कशी गेली?"

"मला पक्ष्यांबद्दल विचार, सांगतो. हे मलाही नवीन आहे. डोळे तुझे तिथे आहेत, बघ. काळ्या तक्त्यावर काय दिसतं?"

कृत्तिकाने पट्टी उचलून खांद्यावर टाकली आणि वाकली. "चौकोनी घरं आहेत. कॅरमच्या बोर्डाएवढी मोठी नाहीत, हाताच्या पंजाएवढी. आणि चकचकीत तारा आहेत, एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. वरपासून खालपर्यंत जातात, खालच्या घरातून वळतात आणि परत वर."

"म्हणजे वीज एका घरातून पुढच्या घरात जाते."

कृत्तिका थबकली. तिला शाळेमागच्या बांधकामाचा दिवस आठवला. स्लॅब टाकायला माणसांची रांग लागली होती. काँक्रीटने भरलेली घमेली हातोहात वर चालली होती. मध्येच एका मावशींचा पदर सळईत अडकला. मावशी एकट्या थांबल्या, पण अख्खी रांग थांबली! खालचे घमेलं धरून उभे, वरचे रिकाम्या हाताने उभे.

"आजोबा! ही रांग आहे! प्रत्येक घर आपल्याकडून थोडा जोर देतं आणि वीज पुढे ढकलतं. पण सावलीतलं घर पदर अडकल्यासारखं अडून बसतं. एक अडलं की रांग अडली, बाकीची उन्हात असली तरी!"

"आणि पट्टी खालच्या कडेवर, म्हणजे..."

"म्हणजे प्रत्येक रांग जिथून वळते तिथेच. एकही रांग सुटली नाही."

खाली आजोबा हसले, अगदी सावकाश. "एकसर जोडणी (एकामागे एक जोडणं) म्हणतात तिला. शाळेत शिकलो होतो खरा. पण तिला अडवणारी पट्टी पायाला बांधून बसलो होतो, हे माहीत नव्हतं."

दुपार सरली. आकडा चढत गेला. पंचेचाळीस, बावन्न. कृत्तिका त्या आकड्यासमोरून हलेना. साठ आले तेव्हा तिने जेवून घेतलं. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा अठ्ठ्याऐंशी होते. पेटीतला पारा जागचा हलला नव्हता. पण अंडं गप्पच होतं. ती काचेला कान लावून बसली. आजोबा म्हणाले, "बाहेर यायच्या आधी पिल्लं दमतात, विश्रांती घेतात." ते असं म्हणाले खरं, पण तेही अंड्याकडेच बघत होते.

तिने खटक्याचं बटण दाबलं. डोळे उजळले.

"...टपावर वाळत घातलं आहे," खटक्या म्हणाला. "अत्यंत उत्तम उन्हात. पट्टी वाळली का?"

कृत्तिका इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं ऐकल्यावर खटक्याचे चारही हात खाली गेले. "मी उन्हाचा विचार केला, सावलीचा केला नाही. खरं तर पॅनेलमध्ये डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा दरवाजा) असतात. एक रांग अडली तर वीज तिला बगल देऊन पुढे जाते. पण मी तर सगळ्याच रांगा अडवल्या."

"मग तिन्ही पॅनेल वेगवेगळे जोडले तर?" कृत्तिकाने विचारलं. "म्हणजे एकावर सावली पडली तरी बाकीचे दोघं काम करतील."

"समांतर जोडणी (शेजारी शेजारी जोडणं)," खटक्या आदराने म्हणाला. "तारा जाड लागतील, पण करता येईल."

"आई आली की करूया," ती म्हणाली आणि पेटीशेजारीच झोपली.

सकाळी तिला जाग आली ती आवाजाने. चिव्व. मग टक. अंड्यावर केसाएवढी रेघ उमटली होती. आणि त्याच वेळी दूर जीपचा आवाज.

कृत्तिका धावत शिडी चढली. लांब, गवताच्या टोकाला धूळ उडत होती. आईला हात करायला ती टपाच्या कडेवर उभी राहिली, दोन्ही हात वर केले, आणि थांबली. कोवळ्या उन्हात तिची लांबच लांब सावली तिन्ही पॅनेलवर आडवी पडली होती.

ती पटकन खाली बसली, पलीकडच्या कडेला सरकली.

"कृत्ते, ये लवकर!" आजोबा ओरडले. "चोच दिसतेय!"

"आले!" ती म्हणाली, आणि बसल्या बसल्याच आईला हात हलवत राहिली.