सगळ्यांचं एकच पुस्तक

चष्म्यावर बसण्याची तिची ही काही पहिली खेप नव्हती. पण आजवर निदान एखादी काच तरी शाबूत राहायची. या खेपेला साप्ताहिकाच्या कचेरीतल्या खुर्चीवर चष्म्याचा पार भुगा झाला, आणि तिचा मजकूर तर संध्याकाळी छपाईला जायचा होता. मग काय, भिंतीला धरून, दोन सायकलवाल्यांची बोलणी खाऊन ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली.

समोर एक उंच निळसर ठिपका उभा होता. तो बोलला.

"या, बसा... अहो, तो आरसा आहे. खुर्ची इकडे."

ही गोष्ट फोन खिशात मावू लागण्याच्या आधीची. तेव्हा आपण कोण आहोत हे माणसं साप्ताहिकाच्या मधल्या पानावर पेन्सिलीने खुणा करून ठरवायची. 'तुम्ही कोणतं अजरामर पुस्तक?' असं त्या सदराचं नाव. गाडी चुकली तर काय कराल, पाहुण्यांसमोर कप फुटला तर काय म्हणाल, असे साधे प्रश्न. अ, ब, क. गुणांची बेरीज करायची आणि खाली बघायचं, की आपण दर्यावर्द्याची जाडजूड कादंबरी आहोत, राजघराण्यातलं शोकांत नाटक आहोत, की दोन लबाड नोकरांचं जुनं प्रहसन. प्रहसन निघालेला माणूस आठवडाभर घरात चेष्टेचा विषय व्हायचा. हे सदर तीच लिहायची. प्रश्नमंजूषेवरून सगळी कचेरी तिला मंजूषा म्हणायची, आणि खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवायचं.

"एक मिनिट हं," ठिपका म्हणाला. "एवढा एक प्रश्न राहिलाय."

"कसला?"

"हे हो, पुस्तकवालं. पुन्हा पुन्हा सोडवलं, पण मी शोकांत नाटकच निघतो. या बाई 'क'मध्ये कायम रडकी माणसं घालतात."

तिचे कान तापले. "बाई कशावरून?"

"कप फुटल्याचं एवढं दुःख पुरुषाला होत नाही."

त्याने तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम बसवली आणि एकेक काच सरकवू लागला.

"हे बरं दिसतं... की हे?"

"दोन्ही सारखंच."

"आमच्याकडे तिसरा पर्याय नसतो हो. नीट बघा. हे... की हे?"

आणि एकदम ठिपक्याला चेहरा आला. दाट भुवया, हसू दाबून धरलेले ओठ, कानामागे खोचलेली पेन्सिल.

"आता दिसतं?"

"दिसतं," ती म्हणाली. "आणि ती बाई मीच."

त्याच्या हातातली काच सुटली. जमिनीवर पडायच्या आत त्याने ती झेलली खरी, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्या तिने अगदी स्वच्छ पाहिल्या.

नवा चष्मा फार गुणी निघाला. तो दर गुरुवारी, अंक बाजारात आला की, नाकावरून घसरायचा. तीही वेळ न दवडता कोपऱ्यावर जायची. तो मुळातच घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट करायचा, काडीचा बाक बघायला तिच्या कानामागे बोट फिरवायचा, आणि ते बोट कामापेक्षा जरा जास्तच रेंगाळायचं. नंतर दोघं काउंटरवर अंक पसरून बसत. तो दर वेळी मुद्दाम निराळ्या खुणा करायचा.

"तुम्ही खरं उत्तर कधी देणार?" ती विचारायची.

"तुम्ही खरा प्रश्न विचाराल तेव्हा."

असं बोलून तो खाली मान घालून काचा पुसायला घ्यायचा. ती घरी आली की आई विचारायची, "एवढं काय मिळतं गं त्या दुकानात?" आणि ती म्हणायची, "स्क्रू."

खरा प्रश्न तिच्या ओठांवर रोज यायचा, पण बाहेर पडताना त्याला अ, ब, क फुटायचे. सरळ विचारावं तर सरळ 'नाही' ऐकावं लागेल, ही धास्ती. पर्याय दिले की माणूस सुरक्षित असतो, असं तिला तेव्हा वाटायचं.

मग एका गुरुवारी तो काचा न पुसता नुसताच बसलेला दिसला.

"दाजींनी शहरात मोठं दुकान घेतलंय," तो म्हणाला. "मला बोलावतायत, कायमचंच. ताई पण मागे लागलीय."

"मग... तुम्ही काय म्हणालात?"

"विचार करून सांगतो म्हणालो." तो हसला, पण ते हसू काही जमलं नाही. "असं करतो. पुढच्या अंकात जे पुस्तक निघेन, ते सांगेल तसं वागतो."

तो गमतीत म्हणाला होता. तिने ते खरं धरलं. प्रेमात पडलेल्या माणसाला गंमत कळत नाही, ही काही तिची एकटीची चूक नव्हे.

तिची लिहायची रीत उलटी होती. आधी ती पुस्तकं ठरवायची, मग प्रश्न. या खेपेला तिने एक जुनी, लांबलचक प्रेमकथा निवडली. तिचा नायक ट्रंक भरतो, दारापर्यंत जातो, आणि परत फिरून कपडे खुंटीला लावतो. पण दुकानातला हा पठ्ठ्या अ करेल की क, काय भरवसा? म्हणून तिने गुणच असे बेतले, की कशीही खूण करा, बेरीज त्याच पुस्तकावर येऊन पडावी. मोठी हुशारी केली असं वाटून ती गालातल्या गालात हसलीसुद्धा. हे सदर हजारो लोक सोडवतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही. त्या आठवड्यात तिचा वाचक एकच होता.

अंक आला आणि हाहाकार उडाला. ग्रंथालयात त्या प्रेमकथेची एकुलती एक प्रत, आणि तिच्यासाठी दाराबाहेर रांग. नवरा-बायको, मालक-नोकर, जन्माचे वैरी, सगळे एकच पुस्तक. ग्रंथपालाचा फोन ठेवून संपादिकाबाईंनी तिला समोर उभं केलं.

"ही प्रश्नमंजूषा आहे की शाळेचा गणवेश?"

सदर गेलं. पुढचा हुकूम होईपर्यंत राशिभविष्याची प्रुफं तपासायची, असं ठरलं. तिला रडू आलं, पण सदराचं दुःख बाजूला सारून ती आधी कोपऱ्यावर धावली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो अंक समोर घेऊनच बसला होता.

"सकाळपासून आलेला प्रत्येकजण तेच पुस्तक निघालाय," तो सावकाश म्हणाला. "माझ्याकडे सगळ्यांचा नंबर एकच यायला लागला, तर मी त्यांचे डोळे तपासत नाही. माझं यंत्र तपासतो."

तिने काउंटरवरच्या अंकाची घडी घालायला घेतली.

"यंत्राला काय झालंय?"

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता आणि तिच्या चष्म्यावर थेंब जमले होते. त्याने हात पुढे करून चष्मा अलगद काढला, शर्टाच्या टोकाने पुसू लागला. तो पुन्हा नुसता निळसर ठिपका झाला. ते बरंच झालं. चेहरा दिसत असता तर तिला जमलं नसतं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला तू इथे हवा आहेस. सदर गेलं माझं, त्याचं काही नाही... तू जाऊ नकोस."

त्याचं चष्मा पुसणं थांबलं. मग त्याने तो तिच्या डोळ्यांवर परत चढवला, दोन्ही हातांनी, आणि हात तिथेच राहू दिले.

"दाजींना मी मंगळवारीच नाही म्हणून कळवलंय."

"मंगळवारी?" ती बघतच राहिली. "अंक तर आज आला."

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी नोकरी घालवून बसले असते!"

"तू विचारलंसच कुठे?" तो म्हणाला. "अख्ख्या गावाला विचारत बसलीस."