बिनपाटीची कुंडी

"ताई, काकांनी कुंड्यांतल्या सगळ्या पाट्या धुतल्या," शेपूट धापा टाकत म्हणाला. "आता पाट्यांवर काहीच उरलं नाही."

शेपूट म्हणजे टिंगीचा धाकटा भाऊ. तिच्या मागेमागे फिरणं हाच त्याचा सुट्टीतला उद्योग. दोघं मावशीच्या रोपवाटिकेत राहायला आली आणि नेमकं तेव्हाच मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि आठवडाभर त्या पट्टीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं.

काचघरात काका बादलीपाशी चेहरा पाडून उभे होते. "म्हटलं, हिची पट्टी निघेल तेव्हा सगळं लख्ख दिसावं. पेन्सिलीची अक्षरं होती, गेली पाण्यात." कुंड्या घासताना त्यांनी जागाही बदलल्या होत्या. आता जिकडे पाहावं तिकडे निळ्या पॉपीची फुलझाडं, आणि कुठलं कुठल्या जातीचं ते सांगणारं कोणी नाही.

ते ऐकून मावशी मटकन काचघराच्या पायरीवर बसली. "दुपारी चौकातल्या बागेचा टेम्पो येईल कुंड्या न्यायला. बाकीच्या कुंड्या खुशाल द्या. पण माझ्या बाबांचं झाड जाता कामा नये."

"त्याच्या पाटीचा रंग कोणता होता?" टिंगीने विचारलं.

"त्याला पाटी लावलीच नाही कधी. घरच्या माणसाच्या गळ्यात कोणी पाटी अडकवतं का?"

आजोबांनी तयार केलेल्या त्या जातीला बी धरत नाही. मुळांचा गड्डा फोडूनच नवं रोप करायचं. मागच्या उन्हाळ्यात त्या जातीची बाकीची रोपं जळाली आणि ही एकच कुंडी वाचली होती. ती गेली की खेळ खलास.

"फूल कसं असतं, मावशी?"

"स्वच्छ आकाशी. जांभळी झाक औषधालासुद्धा नाही."

अशी एकच कुंडी सापडली. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि टेम्पो आल्यावर ते बाकीच्या कुंड्या स्वतः चढवू लागले. मावशी त्या कुंडीला कुरवाळत बसली. टिंगीला मात्र चैन पडेना. एवढ्या सहज सापडलं?

"छान आहे हे," शेपूट फुलात नाक खुपसून म्हणाला. "पाकळ्या कशा वाटीसारख्या गोल! टेम्पोत चढवलं ते जांभळट होतं ना, त्याच्या पाकळ्यांना टोकं होती."

मावशीचा हात थबकला. "टोकं? बाबांच्या फुलाला टोकं असतात."

"पण ते जांभळट होतं," टिंगी म्हणाली.

"अगं, ऑपरेशनआधी मीच कुंडी बदलली त्याची. मुळं हलली की रंग बिघडतो, पाकळीचा आकार नाही. मी मेली रंगच धरून बसले!" मावशी धडपडत उठली, पण कुठे जाणार? तिला दारसुद्धा दिसत नव्हतं. बाहेर टेम्पो सुरू झाला.

टिंगी सुसाट पळाली. पण टेम्पो फाटकाबाहेर पडला होता. तिच्या हाकांकडे ड्रायव्हरचं लक्षच नव्हतं. तिला रडू फुटलं.

"थांबा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "आमचे आजोबा तुमच्या टेम्पोत आहेत!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि घाबराघुबरा खाली उतरला. "कुठे आहेत?"

"त्या मागच्या कुंडीत," टिंगी म्हणाली. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला, पण कुंडी उतरवून दिली.

मावशीने झाड चाचपलं. मागच्या वर्षीचं वाळकं बोंड सापडलं तसं तिने ते खुडून कानाशी हलवलं. "बी वाजत नाही. हेच ते."

"पोरांनी माझी लाज राखली," काका म्हणाले. "मी तर सासऱ्यांना चौकातल्या बागेत नेऊन लावलं असतं."

"टिंगे, अजून कळ्या आहेत का गं?"

टिंगीने पाहिलं. फूल एकच होतं, आणि एक पाकळी गळायला आली होती. पट्टी निघेपर्यंत ते टिकणार नव्हतं. "नाही, मावशी."

"बरं," मावशी म्हणाली. "मग तूच सांग कसं दिसतंय ते. रंग नंतर सांग."

टिंगीने एकेक पाकळी सांगितली. मग काकांनी धुतलेली एक कोरी पाटी पुढे केली. टिंगीने त्यावर पेन्सिलीने लिहिलं आणि ती कुंडीत खोचली.

"काय लिहिलंस?" मावशीने विचारलं.

"आजोबा."

मावशीने ती पाटी बोटांनी चाचपली. तिचे ओठ थरथरले.

"मावशी, रडायचं नाही हं," शेपूट घाईघाईने म्हणाला. "पट्टी भिजली तर डॉक्टर ओरडतील."